पाहुणीसाठी पंच्याऐंशी गांडुळं

दूस्या मावशीचं कुणी कौतुक करायला लागलं की मला आधी तिची कांद्याची पात आठवते आणि माझं डोकं फिरतं. चारशे माणसांचं जेवण मी रांधायचे. सूपवर टाकायला थोडी पात मागायला गेलं की ही बाई वाफ्यापुढे उकिडवी बसायची आणि एकेका काडीकडे अशी बघायची, जशी मी तिची लेकच पळवायला आले आहे. मग चार काड्या माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "रिम्मा, बारीक चीर. बारीक चिरलं की सगळ्यांना पुरतं." याहून बारीक चिरायची तर मला भिंग लागेल, असं मी एकदा तिला सुनावलं. ती म्हणाली, मग मागव.

तिचं पूर्ण नाव येवदोकिया तारासोव्ना. साहेब लोक तिला पूर्ण नावानं बोलवत, खाणीतली पोरं दूस्या मावशी म्हणत, आणि मी नुसतं दूस्या. आम्ही दोघी एकाच बोटीनं उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावर आलो होतो आणि वाटेत तीन दिवस एकाच बादलीत ओकलो होतो. अशा ओळखीत अहो-जाहो राहत नाही.

ती बोट एकोणनव्वद सालच्या ऑगस्टमधली. आम्ही बहुतेक सगळे दोनबासचे, म्हणजे कोळशातच जन्मलेले. आणखी कोळसा खणायला जगाच्या टोकाला निघालो होतो, कारण तिथे पगार बरा होता. इतर बायकांनी बरोबर लोकरीचे कोट आणले, लोणच्याच्या बरण्या आणल्या, एकीनं तर शिलाई मशीन आणलं. दूस्यानं एक पत्र्याची ट्रंक आणली. धक्क्यावर ती उचलायला चार हमाल लागले. बाईचा बाप सोनार असणार, अशी त्यांच्यात कुजबुज झाली. ट्रंक उघडली तर आत माती. काळीभोर, ओलसर माती, आणि तिच्यात गांडुळं वळवळत होती.

ती तिच्या आईच्या परसातली माती होती, जर्दाळूच्या झाडाखालची. दूस्याच्या गावाचं नाव वेर्बोव्का. गावाखालचा कोळसा इतकी वर्षं उपसला होता की गावच खचायला लागलं होतं. आई तोवर गेलेली होती. आम्ही इथे पोचल्यावर दुसऱ्या वर्षी आईचं घर, परस, जर्दाळू, सगळं खाली बसलं आणि वर पाणी साचलं. आता तिथे तळं आहे आणि त्यात बदकं पोहतात, असं कुणीतरी सांगत आलं. दूस्यानं ते ऐकलं आणि टोमॅटोला काठी बांधायला निघून गेली. बेटावर आल्यापासून एकोणीस वर्षं ती रजेवर गेली नाही. बाकी आम्ही दर दोन वर्षांनी घरी जायचो, भांडून यायचो, पुन्हा जायचो. ही आपली काचघरात.

काचघर म्हणजे वस्तीतली एकमेव जागा, जिथे काहीतरी हिरवं दिसायचं. खाणीच्या बॉयलरची वाफ नळ्यांतून तिथे फिरवलेली होती. बाहेर वादळ घोंघावत असायचं आणि आत दूस्या बिनबाह्यांचा झगा घालून काकड्यांशी गप्पा मारत असायची. पूर्वी तिथली माती बोटीनं यायची, दक्षिणेकडून, टनावारी. मग आमचा सोव्हिएत देश मोडला आणि मातीची बोट बंद झाली. कोळशाला मालक मिळाला, मातीला कोण विचारतो?

तेव्हा दूस्यानं फर्मान काढलं. रजेवर जाईल त्यानं येताना आपापल्या परसातली एक बरणी माती आणायची. आणली नाही तर वर्षभर काकडी बंद. सुरुवातीला लोक हसले. जाखर नावाचा एक धिप्पाड ड्रिलवाला होता, तो रिकाम्या हातानं परत आला आणि म्हणाला, मावशी, विसरलो. नोव्हेंबरात सगळ्या कॅन्टीनसमोर त्याच्या ताटातून दूस्यानं काकडीची चकती काट्यानं उचलून घेतली. पुढच्या रजेहून जाखर दोन बादल्या माती घेऊन आला.

बरण्या तपासायचीही तिची पद्धत होती. वर्तमानपत्रावर माती ओतायची, बोटानं पसरायची आणि बघायची. गांडूळ दिसलं तर बरणी पास. नाही दिसलं तर, "ही काय माती आहे? ही रस्त्यावरची धूळ आहे. तुझ्या बायकोनं अंगण झाडून भरून दिलेलं दिसतंय." मग काय, लोक सासरच्या, मामाच्या, शेजाऱ्याच्या परसातून गांडुळं गोळा करून आणायला लागले. अशी एकेक बरणी साचत साचत सतरा वाफे झाले. प्रत्येक वाफ्यावर गावाच्या नावाची पत्र्याची पाटी. घरी फोनवर भांडण झालं की माणसं आपल्या गावच्या वाफ्यापाशी जाऊन बसायची. जाखर तर आपल्या वाफ्यातला टोमॅटो खाऊन शेजारच्या वाफ्याला शिव्या द्यायचा, कारण ते शेजारचं गाव त्याच्या बायकोचं होतं.

सतरावा वाफा वेर्बोव्काचा, दूस्याचा. दीड मीटर लांब. त्यात ती फक्त शेपू लावायची आणि त्या वाफ्याला माझा हात लागू द्यायची नाही.

दोन हजार आठच्या जुलैत पीटर्सबर्गहून अग्निया आली. सत्तावीस वर्षांची, काडीसारखी पोरगी, नाकावर जाड चष्मा. मातीतले किडे हा तिचा विषय. आमच्याकडे त्याआधी भूगर्भवाले येत, पक्ष्यांचे लोक येत, अस्वलांचे येत. किड्यांसाठी कुणी बोटीचं तिकीट काढतं हे आम्हाला नवीन होतं. बंद पडलेल्या शाळेच्या एका खोलीत तिनं आपला संसार मांडला. चाळणीत माती, वर पेटता दिवा, खाली नरसाळं, नरसाळ्याखाली स्पिरिटची बाटली. दिव्याच्या उष्णतेनं किडे खाली खाली पळतात आणि स्पिरिटमध्ये पडतात. पोरं रांगेनं बघायला गेली आणि हळहळून परत आली. चांगलं शुद्ध स्पिरिट, आणि त्यात काय बुडवायचं तर सुईच्या टोकाएवढे किडे.

खाणीचा डायरेक्टर रुस्लान फोमिच. त्यानं कॅन्टीनमध्ये तिची ओळख करून दिली. म्हणाला, या आपल्या मातीतल्या जिवांची पाहणी करायला आल्या आहेत, सगळ्यांनी मदत करा. एवढंच. त्याची काय चूक? पण 'पाहणी' हा शब्द दूस्याच्या कानावर पडला आणि तिची मान ताठ झाली.

इथे आमच्या पिढीचं थोडं सांगायला हवं. आम्ही लहानपणापासून पाहण्याच बघितल्या. सरकारी कमिशन येणार म्हटलं की शेजारच्या शेतावरच्या गलेलठ्ठ गाई आपल्या गोठ्यात आणून बांधायच्या, कमिशन गेलं की परत सोडायच्या, आणि पुढच्या आठवड्यात आपल्या गाई त्यांच्याकडे पाठवायच्या. यात फसवणूक आहे असं कुणाला वाटत नसे. पाहुण्यांसमोर फाटकी चादर घालतो का आपण? तसंच ते. दूस्याच्या खोलीत अशा पाहण्यांमधून मिळालेली सात सन्मानपत्रं काचेत लावलेली होती. आठव्याची जागा तिनं भिंतीवर त्याच दिवशी पुसून ठेवली.

अग्नियानं जमिनीवर खिळे ठोकून, लाल दोरा बांधून बारा चौकोन आखले. त्यातले सहा, जुन्या गोठ्याखालच्या उतारावर. आमच्याकडे गाई होत्या तेव्हाचं शेण आणि काचघरातली जुनी माती तिथेच टाकलेली असायची. उरलेले सहा लांब, समुद्रपक्षी घरटी करतात त्या कड्याखाली, तासाभराच्या चालीवर, जिथे आमच्यापैकी कुणी कधी काही नेलं नव्हतं. प्रत्येक चौकोनातली माती ती तीनदा तपासणार होती. गोठ्याखाली पहिल्याच दिवशी तिला घबाड मिळालं. कड्याकडून मात्र ती संध्याकाळी परत आली तेव्हा वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक लाल झालं होतं.

दूस्यानं तिच्यापुढे सूपचा वाडगा सरकवला आणि विचारलं, "काय मिळालं, पोरी?"

"काहीच नाही," अग्निया म्हणाली. "सहाच्या सहा चौकोनांत एकही नाही."

आता मला कळतं की ती हे आनंदानं सांगत होती. पण जिचे डोळे गळताहेत, जिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही आणि जी 'काहीच नाही' म्हणतेय, तिला बघून कोण म्हणेल की ही खूश आहे? दूस्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला लगेच कळला.

रविवारी जेवणं उरकल्यावर ती माझ्याकडे आली. हातात झाकलेली बादली. वर माझाच ताट पुसायचा पंचा. म्हणाली, बंदूक घे, कड्याकडे जाऊन येऊ. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर बरोबर बंदूक हवी, अस्वलामुळे, आणि बंदुकीचा परवाना माझ्याकडे होता. मी विचारलं बादलीत काय आहे. तिनं पंचा वर केला. आत माती आणि मातीत गांडुळं, एकापेक्षा एक जाडजूड.

"प्रत्येक वाफ्यातून पाच," ती म्हणाली. "सतरा पंचे पंच्याऐंशी. एकाच्या गावाची घेतली आणि दुसऱ्याची नाही, असं कुणी म्हणायला नको."

मी तिला वेडी म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली की एवढ्या लांबून लेक आली, तासभर चालत गेली, थंडीत गुडघे टेकून बसली, आणि आपल्या बेटानं तिच्या तोंडाला पानं पुसली. ही कुठली रीत? ती घरी जाऊन आईला काय सांगेल? तिकडे म्हणे जमिनीत एक गांडूळसुद्धा नाही, अशी माणसं राहतात तिथे.

मी गेले. नाही म्हणायला हवं होतं, हे आज सगळे मला सांगतात. तेव्हा तिथे असते तर बंदूक घेऊन तेही गेले असते. दूस्याला नाही म्हणण्यापेक्षा अस्वल बरं.

तर अशी आमची वरात निघाली. पुढे साठीची लठ्ठ बाई बादली घेऊन, मागे अठ्ठावन्नची तिच्याहून लठ्ठ बाई बंदूक घेऊन. वर हजारो पक्षी कलकलत होते आणि आमच्या डोक्यावर जे टाकायचं ते टाकत होते. दूस्यानं प्रत्येक चौकोनात चमच्यानं खड्डे केले, पाच चौकोनांत चौदा-चौदा गांडुळं मोजून सोडली, शेवटच्यात उरलेली सगळी बादली उपडी करून टाकली. वर काचघरातली माती पसरली, थर्मासमधलं कोमट पाणी शिंपडलं आणि त्यांना बजावलं की परवापर्यंत नीट वागा, पाहुणी येणार आहे. मी अस्वलाकडे लक्ष ठेवत होते. अस्वल आलं असतं तर मी त्याला काय सांगितलं असतं, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी अग्निया कड्याकडे गेली. दूस्यानं निळा रेशमी ब्लाउज घातला, जो ती फक्त विजयदिनाला घालायची, आणि दुपारपासून कॅन्टीनच्या दारात येऊन बसली. तिथून रस्ता दिसतो. अग्निया आली ती खाली मान घालून, आमच्या समोरून गेली, आणि शाळेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दूस्या म्हणाली, भारावून गेली आहे.

दोन दिवस पोरगी जेवायला आली नाही. तिसऱ्या दिवशी रुस्लान फोमिचनं दुपारच्या जेवणाच्या वेळी चमच्यानं ग्लास वाजवला. त्याच्या शेजारी अग्निया उभी होती, डोळे सुजलेले. फोमिचनं सांगितलं की आपल्या काचघरातले परके किडे आणि गांडुळं बाहेर पडली आहेत. गोठ्याखालपर्यंत असती तर एक वेळ चाललं असतं, पण ती पक्ष्यांच्या कड्यापर्यंत पोचली आहेत. बेटाच्या गव्हर्नरला कळवावं लागेल. काचघरातली सगळी माती बंद पिंपांत भरून पुढच्या शुक्रवारच्या बोटीनं बेटाबाहेर जाईल, आणि काचघर बंद. काकडी पुढे डब्यातली मिळेल.

मग जाखरनं विचारलं, "म्हणजे माझं गाव पण जाणार?"

अग्नियानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. कड्याखाली बाहेरचं काहीच नाही, याचाच तिला आनंद झाला होता. ती म्हणाली की इथली माती बोटभर जाड, आणि ती व्हायला हजारो वर्षं लागलेली आहेत. तिच्यात राहणारे बारके जीव सावकाश खातात, सावकाश वाढतात, त्यांना घाई माहीत नाही. गांडूळ आलं की ते सगळं उलथंपालथं करतं. मग इथलं शेवाळ जातं, दुसरंच गवत येतं, आणि त्या बारक्यांना खायला उरत नाही. "गांडुळं वाईट नाहीत हो," ती म्हणाली. "पण इथे कुणी त्यांना थांबवणारं नाही. आणि ती बूट, बादल्या आणि बरण्यांतूनच येतात. आपणच आणतो."

मी दूस्याकडे बघत होते. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पिठासारखा. वेर्बोव्का दुसऱ्यांदा जायला निघालं होतं आणि या वेळी खड्डा तिनं स्वतः खणला होता, चमच्यानं. मला वाटलं ती गप्प बसेल. गप्प बसली असती तर मीही बसले असते, हे कबूल करते. पण ती उठली, तीन दिवस अंगावरच असलेला रेशमी ब्लाउज खाली ओढला आणि पुढे आली.

"कड्याखालची मी टाकली," ती म्हणाली. "पंच्याऐंशी. तुला रिकाम्या हातानं पाठवायची लाज वाटली."

अग्नियाला काही क्षण कळलंच नाही. तिनं पुन्हा विचारलं. दूस्यानं पुन्हा सांगितलं, वाफ्यांच्या नावांसकट. मग अग्नियानं चष्मा काढला. रडावं की काय करावं ते तिला सुचत नव्हतं, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते धड हसू नव्हतं, धड हुंदका नव्हता. म्हणाली, "मी दोन दिवस झोपले नाही."

"मला काय माहीत," दूस्या म्हणाली, "की तुला काहीच नको होतं?"

रुस्लान फोमिच मात्र संतापला. राखीव प्रदेशात परके जीव सोडणं हा गुन्हा आहे, हे त्यानं मोठ्यानं सांगितलं. आणि मग म्हणाला, "येवदोकिया तारासोव्ना, पुरे झालं. शुक्रवारच्या बोटीनं तुम्ही घरी जाल."

दूस्यानं त्याच्याकडे बघितलं. "कुठल्या घरी, फोमिच?" तिनं विचारलं. चिडून नव्हे. पत्ता विचारतात तसं.

फोमिचनं ग्लास खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचं स्वतःचं गाव चौथ्या वाफ्यात होतं. आपल्या बुटांकडे बघत तो म्हणाला की आधी ती गांडुळं परत आणा, मग बघू.

दुसऱ्या दिवशी खाणीची एक अख्खी पाळी पक्ष्यांच्या कड्याखाली होती. जमिनीत गांडूळ शोधायचं तर खणून उपयोग नाही, असं अग्निया म्हणाली. मोहरीची पूड पाण्यात कालवून ओतायची, ती त्यांना झोंबते, आणि ती आपणहून वर येतात. मोहरी कुणाकडे होती? माझ्याकडे. वर्षभराची. सॉसेजबरोबर खायची. मी ती दिली तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. तीस दणकट माणसं, डोक्यावर खाणीची हेल्मेटं पक्ष्यांपासून बचावाला, गुडघ्यांवर बसून चमचा चमचा मोहरीचं पाणी ओततायत आणि कुणाचं गांडूळ वर येतंय ते बघतायत. हातभर खाली सगळं बर्फ, त्यामुळे बिचारी खोलवर गेलीच नव्हती, गारठून तिथेच आखडून पडलेली. एक सापडलं की आरोळी उठायची. जाखर तर शपथेवर सांगत होता की हे माझ्या गावचं आहे, तोंडावरून ओळखू येतं.

चौऱ्याऐंशी सापडली. पंच्याऐंशीवं सापडेना. अग्निया उठेना, दूस्या उठेना. शेवटी ते दूस्याच्याच बादलीच्या बुडाशी चिकटलेलं सापडलं, कड्यावर उतरलंच नव्हतं. मी म्हणाले, एवढ्या सगळ्यांत अक्कल फक्त यालाच होती.

काचघरातल्या मातीबरोबर तिथे गेलेल्या बारक्या किड्यांना मोहरीनं वेचता येत नाही. म्हणून ते सहा चौकोनही कापून आणले. अग्नियाचं कड्याखालचं सगळं काम त्याच्याबरोबर गेलं. तिनं ते पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करायचं ठरवलं. रागावली होती, पण रागावून दूस्यानं वाढलेलं तीन वाडगे सूप प्यायली. गोठ्याखालच्या उतारावर बाहेरचे जीव खरोखरच होते आणि ते ती लिहिणार होती.

"किती जातीचे?" दूस्यानं हळूच विचारलं.

"अकरा."

"अकरा," दूस्यानं मला सांगितलं. तासाभरात सगळ्या वस्तीला माहीत झालं की आपल्याकडे अकरा आहेत.

मातीचं काय करायचं, त्यावर अग्नियानंच तोड काढली. जिवंत माती बेटावर ठेवता येणार नाही. पण माती भाजली तर तिच्यातलं सगळं मरतं आणि माती राहते. काचघर राहील. यापुढे बाहेरून चिमूटभर माती यायची नाही, आणि बूट दारातच धुवायचे. फोमिचनं फोनवर अर्धा तास घालवून परवानगी मिळवली. बोट पंधरा दिवस पुढे गेली होती, ते आमचं नशीब.

भाजायची कुठे? माझ्या पावाच्या भट्टीत, आणखी कुठे. मी आकांडतांडव केलं. कुणी ऐकलं नाही. सकाळी पाव, दुपारपासून माती, असे बारा दिवस सतरा वाफे मी ट्रे भरभरून भाजले. प्रत्येकजण आपापल्या ट्रेपाशी उभा, दुसऱ्याच्या गावात मिसळू नये म्हणून. "रिम्मा, माझं गाव करपलं तर याद राख," असं मला एका पन्नाशीच्या माणसानं दम देऊन सांगितलं आहे. पावाला मातीचा वास यायला लागला. तक्रार एकानंही केली नाही, उलट जास्त खाल्ला.

गांडुळं मात्र दूस्यानं भट्टीत जाऊ दिली नाहीत. प्रत्येक वाफ्यातली हातानं वेचून बरण्यांत भरली आणि रजेवर जाणाऱ्यांना दिली. ज्या गावची, त्या गावाला, त्याच परसात नेऊन सोडायची. आता बोटीवर चढताना माणसं बरणी छातीशी धरून चढायला लागली. सोळा गावांची सोय झाली.

सतरावी बरणी तिच्या खिडकीत राहिली. वेर्बोव्काची गांडुळं कुठे पाठवणार? तळ्यात? त्या दिवसांत ती माझ्याशी पातीवरून भांडलीसुद्धा नाही. मी मुद्दाम दोन जुड्या मागितल्या, तिनं तीन दिल्या. मला रडू आलं. इतकी वर्षं मी त्या पातीसाठी हिच्या नावानं बोटं मोडली आणि आता ती भरपूर मिळाली तर चिरवेना.

निघायच्या आदल्या दिवशी अग्निया दूस्याच्या खोलीवर आली. मी तिथेच होते. तिनं भिंगाखाली ती गांडुळं पाहिली. म्हणाली, या जातीची तिकडे पीटर्सबर्गच्या भोवती प्रत्येक बागेत आहेत, तिथे त्यांनी काही बिघडायचं नाही. मग म्हणाली की शहराबाहेर तिच्या आईची एक छोटी बाग आहे. आई एकटी असते. तिथे काही धड उगवत नाही.

"काय लावते आई?" दूस्यानं विचारलं.

"शेपू, बीट."

"शेपू येत नाही?"

"पिवळा पडतो."

"किती खोल पेरते?"

अग्नियाला सांगता आलं नाही. दूस्यानं माझ्याकडे बघून डोळे फिरवले. शेपू किती खोल पेरतात हे माहीत नाही आणि चालल्या मातीचा अभ्यास करायला. मग ती उठली आणि पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढायला लागली. मी विचारलं काय चाललंय. म्हणाली, बरणी या पोरीच्या हातात द्यायची नाही, ही बोटीत विसरेल. मीच जाऊन ठेवून येते. एकोणीस वर्षांची रजा साठली आहे. फोमिचला सांग, महिनाभर. आणि वाफ्यांना पाणी कोमट घाल, तुझ्यासारखं थंडगार नको.

बोट सुटताना ती कठड्याशी उभी होती. बरणीला तिनं आपला मफलर गुंडाळला होता, आणि स्वतःचा गळा उघडा. मी ओरडून सांगितलं, मफलर घाल. ती ओरडून म्हणाली, यांना थंडी वाजते.

पहिलं पत्र ऑक्टोबरात आलं. दुसरं वसंतात, वाफे पुन्हा हिरवे झाल्यावर. ते मी कॅन्टीनमध्ये उभं राहून वाचलं, कारण सगळे कान टवकारून बसले होते. माती भिकार आहे, असं तिनं लिहिलं होतं. बाई चांगली आहे, पण शेपू बोटभर खोल पेरत होती, आता शिकली. दोघी मिळून जर्दाळूचं रोप लावलं, थंडीत टिकतं का बघू. गांडुळं खोदून पाहिली. पिल्लं झाली आहेत.

जाखरनं विचारलं, "मावशी परत कधी येणार?"

मी पत्राची घडी घातली आणि झग्याच्या खिशात ठेवली. या उन्हाळ्यात, असं लिहिलंय, मी म्हणाले. पत्रात तसं काही नव्हतं.